हॅस्केल लायब्रऱ्यांचे निक्स पॅकेजिंग

हॅस्केल या फंक्शनल भाषेतील लायब्रऱ्या निक्स या डिक्लेरेटिव्ह पॅकेज मॅनेजरमार्फत वापरण्याची आणि त्यात नव्याने दाखल करण्याची पद्धत. निक्समध्ये अमुक बसव, मग तमुक बसव अशा आज्ञा देत बसावे लागत नाही. शेवटी काय हवे ते फाइलीत लिहायचे असते. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये निक्सचे काम सुरू केले आणि २००६ मध्ये त्यावरच पीएच. डी. केली. बिल्ड (सोर्सपासून पॅकेज तयार करणे) म्हणजे शुद्ध फंक्शन, तेच इनपुट दिले की तोच निकाल, ही त्यामागची भूमिका. सोर्स, कंपायलर, डिपेंडन्सी (पॅकेजला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या) आणि बिल्डच्या सूचना या सगळ्यांवरून एक हॅश, म्हणजे ओळखीचा सांकेतिक क्रमांक, निघतो आणि तो तयार पॅकेजच्या पाथमध्येच येतो. त्यामुळे एका लायब्ररीच्या कितीही आवृत्त्या एकमेकींना धक्का न लावता नांदतात.

हॅस्केलला याची गरज इतर अनेक भाषांपेक्षा जास्त आहे. जीएचसी हा कंपायलर एका लायब्ररीतला कोड दुसरीत इनलाइन करतो, म्हणजे थेट उतरवतो, म्हणून कंपाइल झालेली लायब्ररी तिच्या डिपेंडन्सींच्या नेमक्या त्याच बिल्डशी बांधली जाते. 'बाइटस्ट्रिंग' ही लायब्ररी बदलली की तिच्यावर उभे असलेले सगळे पुन्हा कंपाइल करावे लागते. पूर्वी कॅबल हे हॅस्केलचे बिल्ड साधन सर्व लायब्रऱ्या एकाच सामायिक डेटाबेसात बसवत असे, आणि नवे काही बसवताना जुने मोडे. 'कॅबल हेल' म्हणून कुप्रसिद्ध झालेला त्रास तो हाच. पुढे कॅबलनेही निक्सचीच कल्पना उचलली. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून तशी बिल्ड हीच त्याची मूळ रीत झाली.

निक्सपॅकेजेस या निक्सच्या संग्रहात, हॅकेज या हॅस्केलच्या सार्वजनिक भांडारातील लायब्रऱ्यांच्या रेसिपी, म्हणजे बिल्डच्या सूचना, आपोआप तयार केल्या जातात. आवृत्त्या निवडताना मुख्यतः स्टॅकेजचा एकत्र तपासलेला संच पाहिला जातो. ज्या लायब्रऱ्या बिल्ड होत नाहीत त्यांच्यावर तशी खूण असते. नवखे लोक इथे हमखास अडखळतात: लायब्ररी सुटी बसवली तर जीएचसीला ती सापडतच नाही. कंपायलर आणि हव्या त्या लायब्रऱ्या मिळून एकच वातावरण मागावे लागते, आणि त्यासाठी 'जीएचसीविथपॅकेजेस' हे फंक्शन आहे.

स्वतःची लायब्ररी पॅकेज करताना 'कॅबलटूनिक्स' हे साधन कॅबल फाइल (लायब्ररीचे वर्णन आणि डिपेंडन्सी सांगणारी) वाचून निक्सची रेसिपी लिहून देते. कष्टाचे काम त्यानंतरचे. एखाद्या डिपेंडन्सीची आवृत्ती बदलायची तर ती संपूर्ण संचाच्या पातळीवर ओव्हरराइड करावी. एकाच पॅकेजपुरती बदलली, तर तीच लायब्ररी दोन रूपांत प्रोग्रामपर्यंत पोहोचते आणि दिसायला सारखे दोन टाइप जुळत नसल्याची तक्रार कंपायलर करतो. संच हे स्वतःचाच अंतिम निकाल इनपुट म्हणून घेणारे फंक्शन असल्याने एका जागचा बदल सगळीकडे पोहोचतो. निक्सची भाषा लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच मूल्य काढणारी, नसती तर ही रचना उभीच राहिली नसती. मला तरी या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

कॅबल फाइलीत डिपेंडन्सींच्या आवृत्त्यांवर घातलेल्या मर्यादा आड आल्या तर 'डूजेलब्रेक' त्या काढून टाकते, आणि 'डोन्टचेक' चाचण्या वगळते. दोन्ही एकदम वापरणे टाळावे. मर्यादा काढल्यावर फंक्शनचे नाव किंवा टाइप बदललेला असेल तर कंपायलर सांगेल, पण वागणूक बदललेली असेल तर ते फक्त चाचण्यांतूनच कळते.

हॅकेजची एक सोय मात्र निक्सच्या काटेकोरपणाला छेद देते. प्रकाशित झालेल्या आवृत्तीची कॅबल फाइल तिथे नंतरही सुधारता येते. आवृत्तीचा क्रमांक तोच राहतो आणि सोर्सच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) जुनीच फाइल असते. म्हणून रेसिपीत सुधारणेचा क्रमांक आणि सुधारित फाइलीचा हॅश स्वतंत्रपणे नोंदवतात.

ग्नू प्रकल्पाचा गिक्स हा निक्सच्याच धर्तीवरचा पॅकेज मॅनेजर. त्याच्या रेसिपी स्कीम भाषेत असतात. त्यातही हॅकेजवरून रेसिपी आयात करता येते आणि हॅस्केल लायब्रऱ्यांच्या नावांआधी 'जीएचसी' जोडलेले असते.