पॉइंटशेजारचा कंडेन्सर कुठून आला

पेट्रोलवर किंवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरच्या डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या भागाची टोपी उघडली की मधोमध कॅम, त्याला टेकून उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट पॉइंट आणि त्यांच्या बाजूला एका स्क्रूने आवळलेली, अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची नळकांडी दिसते. तिच्यातून एकच वायर निघून पॉइंटला जोडलेली असते. दुसरे टोक म्हणजे तिचे पत्र्याचे अंगच, कारण ते स्क्रूमार्फत इंजिनाच्या बॉडीला अर्थ झालेले असते. हा कंडेन्सर. तो कशासाठी, असे विचारले तर बहुतेक मेकॅनिक ‘पॉइंट जळू नयेत म्हणून’ एवढेच सांगतात. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. कंडेन्सर या जागी आला तो मुख्यतः इंधन पेटवणाऱ्या ठिणगीला जोर यावा म्हणून, आणि आला तेव्हा ट्रॅक्टर तर सोडाच, रस्त्यावर धावणारी मोटारही अस्तित्वात नव्हती.

वीज साठवून ठेवता येते हे १७४५ साली एवाल्ट फॉन क्लाइस्ट आणि त्याच सुमारास लायडेनमध्ये पीटर फान मुशेनब्रूक यांना स्वतंत्रपणे आढळले. काचेच्या बरणीच्या आत एक वाहक आणि बाहेर दुसरा, अशी ती साधी रचना होती. विजेला तेव्हा एक प्रकारचे प्रवाही द्रव्य मानत, म्हणून ते दाटवून ठेवणाऱ्या उपकरणाला अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७८२ मध्ये ‘दाटवणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. ‘कंडेन्सर’ हा शब्द त्यातूनच आला. भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांनी पुढे हे नाव टाकून ‘कपॅसिटर’ स्वीकारले, मराठी पुस्तकांनी ‘धारित्र’ केले. इंजिनावर हात काळे करणाऱ्यांनी मात्र जुनेच नाव आजवर टिकवले आहे.

दुसरा धागा कॉइलचा. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले, आणि १८३६ मध्ये आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन यांनी एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे देऊन प्रवर्तन कॉइल तयार केली. जाड तारेतला करंट अचानक तोडला की बारीक तारेच्या टोकांवर प्रचंड दाबाची वीज उमटे. पॅरिसमध्ये हाइनरिख रुमकॉर्फ यांनी १८५१ च्या सुमारास ही कॉइल इतकी सुधारली की पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. पण तिच्यात एक उणीव होती. करंट तोडण्याच्या जागीच मोठी ठिणगी पडे, आणि जिथे ठिणगी हवी तिथे मात्र ती अपेक्षेपेक्षा दुबळी निघे. १८५३ मध्ये इपोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या तोडणीच्या दोन टोकांना समांतर कंडेन्सर जोडावा असे सुचवले. तोडणीवरची ठिणगी दबली आणि बाहेरची लांबली. कथिलाच्या वर्खाचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये तेल पाजलेले रेशीम किंवा कागद, असा तो कंडेन्सर कॉइलच्या लाकडी बैठकीत दडवलेला असे.

हे असे का होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. पॉइंट बंद असताना कॉइलच्या जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. कॅम पॉइंट उघडतो, पण उघडण्याच्या पहिल्या क्षणी त्यांच्यातली फट केसाहूनही बारीक असते, आणि कॉइलमधला करंट तर एकदम थांबायला तयार नसतो. कंडेन्सर नसेल तर तो ती फट ओलांडून जाळाच्या रूपाने वाहतच राहतो; क्षेत्र सावकाश ओसरते, त्यातली बरीच ऊर्जा पॉइंट तापवण्यात जाते आणि प्लगच्या वाट्याला फारसे काही येत नाही. कंडेन्सर असला की त्याच करंटला शेजारची रिकामी जागा मिळते. पॉइंटवरचा विजेचा दाब एकदम न चढता कंडेन्सर भरेल तसतसा चढत जातो, आणि तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत पोहोचेपर्यंत फट इतकी रुंदावलेली असते की जाळ तिच्यावरून उडी मारू शकत नाही. हे सगळे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास उरकते. क्षेत्र असे झपाट्याने कोसळल्यामुळे, साधारण शंभरपट वेढे असलेल्या बारीक तारेत प्लगची फट ओलांडण्यापुरते हजारो व्होल्ट उमटतात. भरलेला कंडेन्सर मग उलट दिशेने कॉइलमध्ये रिकामा होतो आणि गाभ्यातले उरलेसुरले क्षेत्रही मोडून काढतो. मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात हा खेळ मिनिटाला ४००० वेळा होतो.

इंजिनाशी कॉइल आणि कंडेन्सर या जोडीची गाठ लवकरच पडली. एतिएन लनुआर यांच्या १८६० च्या गॅस इंजिनात ठिणगी रुमकॉर्फ कॉइलनेच पडत असे. १९१७ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये फ्लायव्हीलवरच्या चुंबकांतून वीज निघे आणि ती थरथरत्या पात्याच्या, म्हणजे पात्याच्या थरथरीने करंट जोडत-तोडत राहणाऱ्या चार कॉइलना मिळे. प्रत्येक कॉइलच्या लाकडी खोक्यात तिचा स्वतंत्र कंडेन्सर होता. म्हणजे रुमकॉर्फच्या टेबलावरचे यंत्रच आकाराने आटोपशीर होऊन शेतात उतरले होते. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साह्याने स्वतःच वीज तयार करणारे ठिणगीयंत्र, सिद्ध केला. त्याला बॅटरी लागत नसल्याने ट्रॅक्टरवाल्यांनी तो दीर्घकाळ पसंत केला. पण बॅटरी गेली तरी पॉइंट आणि कंडेन्सर त्यातही राहिलेच.

बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारींसाठी रूढ केली, आणि ट्रॅक्टरवर ती हळूहळू पसरली. १९३९ च्या फोर्ड ९एनमध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बसवून कॉइल थेट त्याच्या डोक्यावर ठेवली होती. रचना सुटसुटीत खरी, पण पॉइंट आणि कंडेन्सर मात्र कॉइल व डिस्ट्रिब्युटरच्या आड गेले. जागेवर हात पोहोचणे इतके अवघड की पॉइंटची फट लावायला अख्खा डिस्ट्रिब्युटरच उतरवून घेणे लोकांना सोपे वाटे. त्याच घराण्यातल्या ८एनमध्ये १९५० साली डिस्ट्रिब्युटर बाजूला सरकवला गेला, तेव्हा कुठे हे काम सुसह्य झाले.

जुना कंडेन्सर कापून उलगडला तर आत ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना अलग ठेवणारा मेणाचा किंवा तेलाचा कागद यांची घट्ट गुंडाळी सापडते. क्षमता, म्हणजे वीज मावण्याचे माप, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड. मॅग्नेटोत कागदाऐवजी अभ्रकाचे पापुद्रेही वापरत, कारण कागदाचे वैरी दोन, उष्णता आणि ओल. कागद आतून फुटला तर वर्ख एकमेकांना भिडतो, पॉइंट उघडले तरी करंट तुटतच नाही आणि ठिणगी साफ बंद पडते. उलट आतली वायर सुटली तर इंजिन अडखळत चालूही शकते, पण पॉइंट निळसर-काळे पडतात. सर्वांत छळणारा दोष तिसरा: थंड असताना कंडेन्सर ठीक असतो, इंजिन तापले की त्याच्या आतून वीज गळू लागते, ट्रॅक्टर बंद पडतो आणि निवल्यावर काही झालेच नाही अशा थाटात सुरू होतो. दोष मग कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

पॉइंटचे तोंड निरखले तरी बरेच कळते. क्षमता इंजिनाला साजेशी असेल तर दोन्ही तोंडे एकसारखी राखाडी राहतात. ती फार कमी किंवा फार जास्त असेल तर एका तोंडावरचा धातू उडून दुसऱ्यावर साचतो, इकडे खड्डा आणि तिकडे टेकडी. म्हणूनच ‘मोठा कंडेन्सर म्हणजे जोरदार ठिणगी’ हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा मोठा कंडेन्सर भरायला वेळ घेतो, आणि त्याच्यावरचा दाब पुरेसा चढत नाही.

ट्रॅक्टरमधून हा भाग गेला तो मुख्यतः डिझेलमुळे. तिथे हवा दाबानेच इतकी तापते की ठिणगीची गरजच पडत नाही. पेट्रोल इंजिनांत १९७० च्या दशकापासून पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, आणि पॉइंटबरोबर त्यांच्या शेजारची नळकांडीही निघून गेली. लहान इंजिनांच्या सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज) इग्निशनमध्ये कंडेन्सर पुन्हा दिसतो, पण तिथे त्याचे काम उलटे आहे: कॉइलमधून तुटणारा करंट सामावून घेण्याऐवजी तो आधीच काहीशे व्होल्टला भरून ठेवतात आणि ठिणगीच्या क्षणी कॉइलमध्ये एकदम रिकामा करतात.