चेंडू आयर्नच्या फेसवर नेमका कुठे लागतो?

गोल्फच्या आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचे) शॉट पूर्वीसारखे जात नाहीत, नवा सेट घ्यावा का, असं विचारत बरेच ग्राहक आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. अशा वेळी आम्ही आधी त्यांचा सात नंबरचा आयर्न हातात घेतो आणि फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, उजेडात तिरका धरून बघतो. क्लब नियमित वापरातला असेल तर चेंडूने त्यावर खूण सोडलेलीच असते. ग्रूव्हवरचं (फेसवरच्या आडव्या खाचांवरचं) क्रोम एका जागी मंद पडलेलं दिसतं, कडेचं मात्र अजून चकचकीत. हा मंद डाग टोकडे (दांड्यापासून लांबच्या बाजूला) आहे की हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला), खाली आहे की वर, यावर पुढचं सगळं बोलणं ठरतं. लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन) वाकवणं, शाफ्ट म्हणजे दांडा बदलणं, नवा सेट घेणं या खर्चाच्या गोष्टी त्यानंतरच्या. ही तपासणी तुम्हाला स्वतःला करता यावी म्हणून हे पत्रक. (पुढे डावीकडे-उजवीकडे असं जिथे म्हटलं आहे, ते उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

फेसचा मध्य आणि स्वीट स्पॉट

चेंडू आणि फेस एकमेकांना टेकलेले असतात तो काळ साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात हाताने काही सावरता येत नाही. चेंडू जिथे लागला तिथे लागला. क्लबहेडचा गुरुत्वमध्य फेसवरच्या ज्या बिंदूच्या सरळ मागे असतो, तो स्वीट स्पॉट. तिथे आघात झाला तर हेड वळत नाही आणि क्लबचा वेग चेंडूला पुरेपूर मिळतो. क्रिकेट खेळलेल्यांना बॅटचा मध्य लागल्यावर हाताला काही जाणवतच नाही ते आठवेल, इथेही तसंच.

हा बिंदू ग्रूव्हच्या बरोबर मध्यावर असतो असं बहुतेक जण धरून चालतात. आयर्नमध्ये तो तिथे असेलच असं नाही. शाफ्ट ज्या नळीत बसतो ते होझेल हीलच्या बाजूला असतं आणि त्याचं वजन गुरुत्वमध्याला आपल्याकडे ओढतं. त्यामुळे जुन्या धाटणीच्या ब्लेडमध्ये (मागून सपाट, भरीव आयर्नमध्ये) स्वीट स्पॉट मध्यापेक्षा थोडा हीलकडे सापडतो. आजच्या अनेक आयर्नमध्ये टोच्या बाजूला टंगस्टन घालून तो पुन्हा मध्याकडे आणलेला असतो. म्हणून तुमचा आयर्न कोणत्या बनावटीचा आहे हे कळल्याशिवाय हीलकडचा प्रत्येक ठसा चुकीचा ठरवू नका.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांनी १९५० च्या यू.एस. ओपनमध्ये मेरियन मैदानाच्या अठराव्या होलवर एक नंबरच्या आयर्नने मारलेल्या शॉटचं छायाचित्र गोल्फमध्ये फार प्रसिद्ध आहे. तो क्लब त्यानंतर नाहीसा झाला आणि १९८३ मध्ये सापडला. त्याच्या फेसवर एका नाण्याएवढीच जागा झिजलेली होती, बाकी फेस जवळजवळ कोरा. एक नंबरचा आयर्न हाताळायला किती कठीण असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या एका डागाचं मोल कळेल.

आपल्यासारख्यांचे आघात फेसभर पसरतात आणि कॅव्हिटी-बॅक (मागून पोकळ) आयर्न त्यासाठीच आहेत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये पिंग या ब्रँडचा पहिला पटर (होलजवळ चेंडू हळूच लोटायचा क्लब) बनवला, त्यात हेडचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं होतं. पुढे हीच कल्पना आयर्नमध्ये आली. वजन कडेला गेलं की मध्य हुकला तरी हेड कमी वळतं. कमी वळतं एवढंच. अंतर थोडं तरी जातंच.

उंचीचं गणित

टो आणि हीलबद्दल सगळे बोलतात. आमच्या मते आयर्नच्या बाबतीत वर-खालीचा फरक जास्त महाग पडतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याचं केंद्र जमिनीपासून सुमारे २१ मिलिमीटरवर. फेस मागे कललेला असल्यामुळे तो चेंडूला केंद्राच्या उंचीवर न भिडता त्याच्या खाली भिडतो. आघाताच्या क्षणी सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा हा कल, २५ अंश धरला, तर हा बिंदू जमिनीपासून जेमतेम १२ मिलिमीटरवर येतो. आयर्नचा स्वीट स्पॉट मात्र सोलपासून (क्लबहेडच्या तळापासून) साधारण दोन सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे उघड्या, टणक जमिनीवरचा चेंडू स्वीट स्पॉटवर घ्यायचा, तर क्लबची खालची कड चेंडूच्या तळाच्याही काही मिलिमीटर खाली उतरायला हवी. आधी चेंडू, मग जमीन, आणि डिव्हॉट (क्लबने उकरलेला खड्डा) चेंडूच्या पुढे, असं प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात त्याचं कारण हे आहे. चेंडू वर उचलायला म्हणून मनगटं वळवली की कड वर येते, ठसा पहिल्या-दुसऱ्या ग्रूव्हवर पडतो, हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू खालून सपाट निघतो.

आपल्याकडे मे महिन्यात फेअरवे (बारीक कापलेल्या गवताचे पट्टे) कडक झालेले असतात. रुंद आणि जास्त बाउन्सचा (मागची कड जास्त खाली असलेला) सोल अशा जमिनीवरून उसळतो आणि ठसे खाली सरकतात. पावसाळ्यात उलट अडचण: चेंडू आणि फेस यांच्यामध्ये पाणी आणि गवत अडकतं, ठसा चांगल्या जागी असूनही स्पिन कमी पडतो आणि चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) थांबत नाही. अशा वेळी दोष क्लबचा नसतो. रफमध्ये (न कापलेल्या लांब गवतात) चेंडू गवतावर तरंगत असेल तर क्लब त्याच्या खालून जातो, ठसा वरच्या ग्रूव्हवर उमटतो आणि शॉट उंच जाऊन आधीच पडतो.

टोकडे लागला, हीलकडे लागला

ड्रायव्हरमध्ये (सर्वांत लांब मारायच्या क्लबमध्ये) टोकडे लागलेला चेंडू पुष्कळदा वळून परत येतो. आयर्नमध्ये ती आशा धरू नका. आयर्नचा गुरुत्वमध्य फेसच्या अगदी जवळ असल्याने तसा परिणाम फार थोडा होतो. टोवर लागलं की फेस उघडतो आणि चेंडू बहुधा उजवीकडे, कमी अंतर जातो. हीलकडे लागलं की थोडा डावीकडे. पण आणखी सरकून होझेलवर लागला की शँक, आणि चेंडू थेट उजवीकडे. चांगला ठसा आणि शँक यांच्यामध्ये अंतर फार नसतं, त्यामुळे शँक सुरू झाले म्हणून सगळा स्विंग बिघडला असं समजून घाबरू नका. बऱ्याचदा वजन पायाच्या बोटांवर जात असतं आणि शरीर चेंडूकडे झुकत असतं. वजन टाचांवर गेलं किंवा हात आत ओढले गेले की ठसे टोकडे जातात.

तपासायचं कसं

मेडिकलच्या दुकानात मिळणारा पायाचा पावडर-स्प्रे फेसवर पातळ मारा. चेंडू लागला की पांढऱ्या थरात गोल ठसा उमटतो, खड्डेसुद्धा दिसतात. एका ठशावरून काही ठरवू नका. आठ-दहा चेंडू मारा, दर वेळी फोटो काढा, फेस पुसा, पुन्हा मारा. ठसे एका जागी दाट पडत असतील, मग ती जागा चुकीची का असेना, तर काम सोपं आहे. ते सगळीकडे विखुरले असतील तर आमच्याआधी प्रशिक्षकाकडे जा; क्लब वाकवून त्यावर उपाय होणार नाही. इम्पॅक्ट स्टिकरही चालतात, पण त्यांच्या थरामुळे स्पिन बदलतो, म्हणून त्या वेळचं अंतर मोजू नका.

मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी सोल घसरत पुढे जातो आणि ठसा चांगला दिसतो. एकदा तरी गवतावर तपासा.

लायसाठी चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने एक जाड रेघ काढा आणि ती उभी राहील, फेसकडे येईल अशी ठेवा. शॉटनंतर ती फेसवर उतरते. ग्रूव्हशी काटकोनात असेल तर लाय तुम्हाला बरोबर आहे. वरचं टोक टोकडे झुकलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे आणि शॉट डावीकडे ओढले जातील. हीलकडे झुकलं असेल तर क्लब सपाट आहे, शॉट उजवीकडे जातील. लॉफ्ट जितका जास्त तितकी ही चूक जास्त दिसते, त्यामुळे वेजवर (सर्वांत जास्त लॉफ्टच्या क्लबवर) ही तपासणी नक्की करा.

हे सगळं सरावातच. पुसून साफ करण्यापलीकडे फेसवर काहीही लावून नियमाच्या फेरीत शॉट मारला तर खेळाडू बाद होतो. पहिल्या टीवर जाण्याआधी ओल्या फडक्याने फेस पुसा, ग्रूव्हमधली पावडर ब्रशने काढा. कॅडीलाही सांगून ठेवा.

आमच्याकडे येताना

सात नंबरचा आयर्न आणि एक वेज न पुसता आणा, सोबत ठशांचे फोटो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न असतील तर लाय आम्ही सहसा सहज बदलू शकतो. कास्ट (ओतीव) स्टेनलेस स्टीलचे असतील तर एक-दोन अंशांपलीकडे जात नाही, कारण होझेल तडकण्याचा धोका असतो, आणि हे काम सुरू करण्याआधीच सांगतो. जुना सेट विकत घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी दाखवा. आधीच्या मालकाचा डाग फेसवर असतोच. त्यात ग्रूव्ह बुजले आहेत का आणि लाय कोणी वाकवलेली आहे का, हे तुमच्यासमोर मोजून देतो.