आदेशाची एकता आणि दिशेची एकता: दोन्ही एक नाहीत

फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉलने 1916 मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या 14 तत्त्वांपैकी चौथं (आदेशाची एकता) आणि पाचवं (दिशेची एकता) तत्त्व एकच समजणारी विद्यार्थ्यांची उत्तरं वाचून आता वैताग आलाय. 'एकच साहेब असला की दोन्ही एकता आल्या' हे वाक्य नोट्समधून नोट्समध्ये फिरत राहतं आणि ते साफ चूक आहे.

आदेशाची एकता सगळ्यांनाच येते: एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश. गाडी अडते ती दिशेच्या एकतेवर. तिथे प्रश्न एका माणसाचा नसतो, कामांच्या गटाचा असतो. ज्या कामांचं उद्दिष्ट एक, त्यांचा प्रमुख एक आणि योजनाही एक.

समजा, एक कंपनी नवा पंप बाजारात आणतेय. विक्री, उत्पादन, गोदाम या तिन्ही विभागांत प्रत्येकाला एकच साहेब आहे. विक्रीने ग्राहकांना तीन दिवसांत माल कबूल केला, उत्पादनाने आठवड्याला एकच बॅच ठरवली, गोदामाला दोन्हींचा पत्ता नाही. कागदावर आदेशाची एकता शाबूत, पण दिशा तीन. ग्राहकाची तक्रार आली की विक्री व्यवस्थापक थेट गोदामातल्या माणसाला फोन करतो, "आजच पाठव." गोदामातल्या माणसाचा स्वतःचा साहेब म्हणतो, "बॅच पूर्ण झाल्याशिवाय हात लावू नकोस." झाले दोन साहेब! दिशेच्या एकतेशिवाय आदेशाची एकता असूच शकत नाही, असं फेयॉल म्हणतो ते यामुळेच. अशा वेळी गोदामातल्या माणसाला झापून काही होत नाही, विभागांची रचनाच दुरुस्त करावी लागते.

उलट बाजूने मात्र हमी नाही. मॅट्रिक्स रचनेत, म्हणजे माणसं विभागात असतानाच प्रकल्पातही काम करतात अशा रचनेत, प्रकल्पाचा प्रमुख एक, आराखडा एक; तरी इंजिनिअर प्रकल्पप्रमुखालाही बांधील आणि विभागप्रमुखालाही. म्हणजे दिशा एक, आदेश दोन.

व्यवस्थापनाची तत्त्वं आणि कार्यं यांतला फरक त्या मानाने किरकोळ आहे. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण ही फेयॉलने सांगितलेली कार्यं. ती करताना पाळायची ती तत्त्वं. त्यासाठी नोट्समध्ये चार रकान्यांचा तक्ता कशाला हवा?

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीत एका कामगारावर आठ फोरमन (देखरेख करणारे मुकादम) असत. फेयॉलने त्यावर आक्षेप घेतला तो आदेशाची एकता मोडते म्हणून. हे उदाहरण दिशेच्या एकतेखाली लिहिणाऱ्याचे गुण माझ्या मते कापलेच पाहिजेत.