चाळीस गुण झाले की संघ वाचला?

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम संपत आला की एक वाक्य हमखास फिरतं: "40 गुण झाले की रेलिगेशन (खालच्या श्रेणीत घसरणं) टळलं."

तसा नियम नाही. 20 पैकी तळाचे 3 संघ खाली जातात, गुण कितीही असोत. 1997-98 मध्ये 17वा आणि 18वा, दोन्ही संघ 40 गुणांवर होते. गोलफरकाने (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) एक वाचला, दुसरा गेला. 2002-03 मध्ये तर 42 गुणांचा संघ खाली गेला. उलट 2004-05 मध्ये 34 गुणांवर एक संघ टिकला.

समज पसरला याचं नवल नाही, कारण बहुतेक वर्षी 40 पुरतात. पण कागदावर मांडून बघा. तळाचे दोन संघ बाकी सगळ्यांकडून हरले आणि उरलेले 18 संघ आपापसात फक्त घरच्या मैदानावर जिंकले, तर एका विजयाचे 3 गुण धरून प्रत्येकाचे घरच्या 17 विजयांचे 51 अधिक तळाच्या दोघांवरच्या 4 विजयांचे 12, म्हणजे 63 गुण होतात. त्यातलाही एक खाली जाणारच! (असं कधी झालेलं नाही, हे वेगळं.)

पडताळायचं तर कोणत्याही हंगामाचा अंतिम गुणतक्ता उघडा आणि 18व्या क्रमांकाचे गुण पाहा. त्या वर्षी त्याहून एक गुण जास्त पुरेसा होता.