उष्ण इन्फ्लेशन

विश्वाच्या अगदी आरंभी झालेल्या प्रचंड वेगवान प्रसरणात, म्हणजे इन्फ्लेशनमध्ये, विश्व गारठून न जाता ऊबदार राहिले असावे, असे मानणारी विश्वरचनाशास्त्रातील संकल्पना. अर्जुन बेरेरा यांनी ती 1995 मध्ये मांडली. त्याच वर्षी त्यांनी आणि फांग लिझी यांनी दीर्घिकांची बीजे उष्णतेतून कशी पडू शकतात, हे दाखवले.

ॲलन गूथ यांच्या 1981 च्या मांडणीपासून रुळलेल्या ‘थंड’ चित्रात प्रसरणामुळे आधीचे सारे प्रारण विरळ होऊन जाते. उरते ते इन्फ्लेटॉन क्षेत्र, म्हणजे हे प्रसरण घडवणारे क्षेत्र, आणि त्याचे पुंजीय (क्वांटम) चढउतार. त्यांचा आकार प्रसरणाचा दर, म्हणजे हबल दर, ठरवतो. विश्व पुन्हा तापते ते इन्फ्लेशन संपल्यावर.

उष्ण चित्रात इन्फ्लेटॉन इतर कणांशी जोडलेला असतो आणि आपल्या विभवाच्या, म्हणजे स्थितिज ऊर्जेच्या आलेखाच्या, उतारावरून घरंगळतानाच त्यांना ऊर्जा देत राहतो. प्रसरण जितके प्रारण विरळ करते, तितके नवे तयार होत राहते. या ऊर्जाक्षयाचा परिणाम घर्षणासारखा होतो, पण गोष्ट तिथे थांबत नाही. पाण्यातल्या परागकणाला जे रेणू अडवतात तेच त्याला धक्केही देतात. जिथे उष्णतेत घर्षण आहे तिथे थरथर असणारच. या संकल्पनेचे खरे सौंदर्य मला इथेच दिसते: क्षेत्राचा वेग रोखणारी प्रक्रियाच त्याच्यावर घनतेचे चढउतार उमटवते.

तापमान हबल दराहून (समान एककांत) जास्त झाले की औष्णिक चढउतार पुंजीय चढउतारांवर मात करतात. घर्षण सौम्य असेल, तर चढउतारांचा वर्ग हबल दर आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. घर्षण तीव्र असेल, तर चढउतार क्षितिज (प्रसरणात परस्परसंपर्काची मर्यादा) ओलांडण्याआधीच, आखूड तरंगलांबीवर गोठतात आणि आणखी मोठे राहतात. घर्षण स्वतः तापमानावर अवलंबून असेल, तर प्रारणातील चढउतारही त्यात मिसळतात. घर्षण तापमानाबरोबर वाढणारे असेल, तर घनतेतील फरक बळावतात. ग्रॅहम आणि मॉस यांनी 2009 मध्ये हा परिणाम दाखवल्यापासून जुनी सोपी सूत्रे पुरेशी राहिली नाहीत.

इन्फ्लेशनमध्ये निर्माण होणाऱ्या गुरुत्वीय तरंगांना मात्र ही उष्णता फारशी शिवत नाही. त्यामुळे घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण घटते. निरीक्षणांतून हे प्रमाण 0.036 पेक्षा कमी असल्याचे दिसते. थंड चित्रात या मर्यादेमुळे बाद झालेले चतुर्घाती (क्षेत्राच्या चौथ्या घाताच्या प्रमाणातले) विभव उष्ण चित्रात पुन्हा विचारात घेता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप योकोयामा आणि लिंडे यांनी 1998 मध्ये घेतला. पुरेसे घर्षण हवे तर जोडणी घट्ट हवी, पण तशा जोडणीने तापमानाचा परिणाम इन्फ्लेटॉनचे वस्तुमान वाढवून विभवाचा मंद उतार बिघडवतो. 2016 मध्ये बास्तेरो-गिल, बेरेरा, रामोस आणि रोझा यांनी सममितीच्या आधारे हे औष्णिक परिणाम एकमेकांना रद्द करतील असे प्रारूप दिले. त्याला मोजकेच कण पुरतात.

उष्ण चढउतारांच्या सांख्यिकीत सामान्य वितरणापासून ढळण्याची एक स्वतंत्र घडण अपेक्षित आहे. प्लांक उपग्रहाने केलेल्या, आरंभीच्या विश्वातून उरलेल्या पार्श्वप्रारणाच्या नकाशात ती शोधली गेली. आतापर्यंत हाती आल्या आहेत त्या केवळ मर्यादा.