चौकशी वेगळी, अन्वेषण वेगळं

बाळ गेल्यावर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले आजोबा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, याची चौकशी झाली पाहिजे." त्यांचं म्हणणं रास्तच असतं. पण त्या एका शब्दात दोन मागण्या असतात. कुणाची चूक झाली ते कळावं, ही एक. घरातलं पुढचं बाळ असं जाऊ नये, ही दुसरी. या दोन मागण्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिलीला चौकशी म्हणतात. दुसरीला आरोग्य खात्याच्या कागदांवर 'बालमृत्यू अन्वेषण' असं नाव आहे. बालरोगतज्ज्ञाला दोन्हीकडे बोलावणं येतं, आणि तिथेच बहुतेक घोळ होतो.

चौकशी लोकांच्या ओळखीची आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. तिथे चौकशी समिती नेमली गेली, आणि नेमायलाच हवी होती. आग कशी लागली, कामावर कोण होतं, कुणी काय करायचं राहिलं, याची उत्तरं मागायचा आईबापांना हक्क आहे. एखादा मृत्यू संशयास्पद वाटला तर पोलीस पंचनामा करतात, शवविच्छेदन होतं, आणि त्याला घरच्यांची संमती लागत नाही. डॉक्टरवर हलगर्जीचा आरोप असेल, तर जेकब मॅथ्यू खटल्यातल्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पोलिसांनी आधी त्याच शाखेतल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं मत घ्यावं. इथे बालरोगतज्ज्ञाचं काम मत देण्याचं. केसपेपर वाचायचा, त्या वेळी रास्त उपचार काय होता ते सांगायचं, आणि आपल्या ज्ञानाच्या कडेला येऊन थांबायचं.

अन्वेषणाची रीत निराळी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पाच वर्षांखालचं मूल गेलं की आशाताई एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईंना, कळवते, एएनएम घरी जाऊन प्राथमिक माहिती घेते. त्यातल्या काही मृत्यूंची घरच्यांशी बोलून सविस्तर हकीकत लिहून घेतली जाते. याला व्हर्बल ऑटॉप्सी, म्हणजे तोंडी शवविच्छेदन, म्हणतात. यात चाकू नसतो. आईला सगळं पहिल्यापासून सांगू द्यायचं आणि आपण मध्ये न बोलता ऐकायचं. दवाखान्यात झालेल्या मृत्यूचं अन्वेषण दवाखान्यातच होतं. मग तालुका आणि जिल्हा पातळीवर हे कागद एकत्र वाचले जातात. दोष कुणावर ठेवायचा नाही, नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, हा त्याचा पाया.

एक उदाहरण घेऊ. खऱ्या कुटुंबाचं नाही, पण आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं. १९०० ग्रॅमचं बाळ नवव्या दिवशी गेलं. दवाखान्याच्या नोंदीत मृत्यूचं कारण 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो प्रत्येकाचाच थांबतो! हे कारण नव्हे, हा शेवट आहे. चौकशी झाली तर ती शेवटच्या रात्रीभोवती फिरेल: डॉक्टर किती वाजता आले, ऑक्सिजन कधी लावला, रेफर करायला उशीर झाला का.

अन्वेषण मागे जातं. बाई बाळंतपणासाठी सासरहून माहेरी आलेली. तिचं नाव सासरच्या आशाताईंच्या वहीत. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी सुटी मिळाली ती माहेरच्या गावी. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. पण सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं, तळपाय गार पडले. घरात कुणीतरी म्हणालं, झोपाळू आहे, उद्या बघू. आठव्या दिवशी छाती आत ओढली जाऊ लागली. गाडी मिळायला चार तास गेले. पहिल्या दवाखान्यात बाळाला ऊब द्यायची सोय नव्हती, पुढे पाठवलं तेव्हा उघड्या दुपट्यातच. काचेच्या पेटीत ठेवलं तोवर बाळ बर्फासारखं गार झालेलं.

यात दोषी कोण, सांगा. चौकशी अहवालात शेवटच्या पाळीची एक नर्स अडकेल. अन्वेषणाच्या कागदावर मात्र तीन उशीर दिसतील: घरात निर्णय घ्यायला, दवाखान्यात पोहोचायला, पोहोचल्यावर नीट उपचार मिळायला. आणि त्या तिन्हींच्या आधीची एक फट, माहेर आणि सासर यांच्यामधली. ती बुजवायला कुणाला निलंबित करावं लागत नाही. सुटीच्या दिवशी 'आता कुठल्या गावी जाणार?' हा एक प्रश्न विचारून तिथल्या आशाताईला फोन केला तरी पुरतं.

असं बघायला शिकवलं ते गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावागावांत मृत्यूंची नोंद ठेवली, बाळं कशानं जातात ते घरांत जाऊन पाहिलं, आणि १९९५ पासून गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. आशाताईंच्या भेटींचं आजचं वेळापत्रक, जे देशभर २०११ पासून लागू झालं, ते याच कामावर उभं आहे. आधी मृत्यू नीट मोजले, म्हणून उपाय सापडला.

२०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, नवजात मृत्युदर ११. म्हणजे पहिल्या वर्षात जाणाऱ्या १६ बाळांपैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. लेबर रूम आणि घरातला पहिला महिना सोडून बाकी सगळीकडे शोधत राहिलं तर काय हाती लागणार?

आता दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या की काय होतं ते सांगतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच आहे. अन्वेषणाच्या बैठकीत आवाज चढला, कारणे दाखवा नोटिशीचा विषय निघाला, की पुढच्या महिन्यापासून कागद शहाणे होतात. वेळा नीटनेटक्या बसतात. दोन-चार श्वास घेऊन गेलेलं बाळ 'उपजत मृत' म्हणून लिहिलं जातं, आणि ते अर्भकमृत्यूच्या गणतीतूनच गळतं. मृत्यू कमी झालेला नसतो, दिसायचा थांबलेला असतो. उलट बाजूही तितकीच वाईट: खरी हलगर्जी झाली असताना 'आम्ही अन्वेषण केलं आहे' म्हणून चौकशी टाळणं. ज्या आईला न्याय हवा आहे तिच्या हाती प्रणालीतल्या त्रुटींची यादी देणं हा अन्याय आहे.

बालरोगतज्ज्ञ स्वतःच गल्लत करतो तेव्हा केवढा अनर्थ होतो, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. सॅली क्लार्क या आईची दोन बाळं एकामागून एक अचानक गेली. त्यांच्या खुनाचा आरोप तिच्यावरच आला. खटल्यात नामांकित बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्ष दिली की अशा घरात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. एका मृत्यूची शक्यता ८५४३ त एक धरून त्यांनी तिचा सरळ वर्ग केला होता, जणू एकाच घरातल्या दोन भावंडांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. २००३ मध्ये ती सुटली, २००७ मध्ये वारली. बाळ का गेलं हे समजून घेण्याचं काम ज्याचं, तोच आकड्याच्या जोरावर कुणी मारलं ते सांगायला निघाला. त्यानंतर इंग्लंडमध्ये अचानक गेलेल्या बाळांबाबत डॉक्टर, पोलीस आणि समाजसेवक यांनी मिळून काम कसं करायचं ते ठरवलं गेलं, आणि २००८ पासून प्रत्येक बालमृत्यूचा आढावा घेणारी मंडळं सुरू झाली.

त्याच देशात याच्या आधी उलटं, चांगलं उदाहरणही घडलं होतं. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत गेलेल्या बाळांच्या आईबापांना साधे प्रश्न विचारले: बाळाला कसं झोपवलं होतं? पांघरूण किती होतं? पालथं झोपवण्यात धोका आहे हे त्यातून ठळक झालं. १९९१ मध्ये 'बाळाला उताणं झोपवा' अशी देशव्यापी मोहीम निघाली आणि काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. एकाही आईला आरोपी न करता.

म्हणून माझ्या पेशातल्या मित्रांना माझी विनंती असते: अन्वेषणाला बसताना स्वतःच्या हाताखाली झालेला मृत्यू आधी मांडा. 'मी इथे चुकलो असेन' हे ज्येष्ठ डॉक्टरने पहिल्यांदा म्हटलं की सिस्टर बोलतात, आशाताई बोलतात, आणि मग खरं काय ते टेबलावर येतं. फॉर्म भरताना 'अरेस्ट'वर थांबू नका, त्यामागचं कारण लिहा: कमी वजन, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं.

आणि आईबापांसाठी. बाळ गेल्यावर काही दिवसांनी एएनएम किंवा डॉक्टर घरी विचारायला आले, तर ते तुमच्यावर संशय घेऊन आलेले नसतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड फाडून टाकू नका, ती दाखवा. कुठे थांबवलं गेलं, गाडी कधी आली, कोण काय म्हणालं, सगळं सांगा. दवाखान्याची चूक झाली असं वाटत असेल तर ती तक्रार वेगळी, लेखी द्या आणि पोच घ्या. घरी आलेल्या बाईला सांगितलं म्हणजे तक्रार नोंदली गेली, असं धरून बसू नका.