चांगले टायर पुढे की मागे?

‘फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी ट्रॅकवर न्यायची तर चांगले टायर पुढे लावा, मागे झिजलेले चालतात,’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण अशा गाडीत ओढणं, वळणं आणि बरंचसं ब्रेकिंग पुढच्याच चाकांकडे असतं.

पण रिकाम्या मैदानात हळू वेगात ब्रेक दाबून पाहा. बॉनेट खाली झुकतं, मागचा भाग उचलला जातो. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तरी तसंच होतं. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना पकड नसेल तर गाडी गरकन फिरते. पुढचे टायर घसरले तर वेग कमी करून बहुतेकदा सावरता येतं. मागच्यांची पकड सुटली की नवख्याला वेळच मिळत नाही.

म्हणून चारही टायर एकाच मॉडेलचे, सारखे झिजलेले हवेत. दोनच नवे असतील तर ते मागे. टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडेही वाचा: 2323 म्हणजे 2023 चा 23वा आठवडा.